दुरंगी पानांचा होस्टा



गेल्या वर्षीं दहावीच्या वर्गांत पानांचा पाठ चालला असतां मीं माझ्या धाकट्या बहिणीच्या बागेतील एक छायाचित्र फळ्यावर लाविलें होतें. पान हाताच्या पंजाहून मोठें, रंग निळसर हिरवा आणि भोंवतीं रुंद पिवळी किनार, जणूं एखाद्या लुगड्याचा काठच. एकानें विचारिलें, "सर, हा रंग वरून दिलेला आहे काय?" दुसऱ्यानें विचारिलें, "हें झाड आपल्या शाळेच्या बागेंत लावितां येईल काय?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां तास संपला. दुसऱ्याचें उत्तर 'नाहीं' एवढेंच देऊन मी वर्गाबाहेर पडलों. पण नुसत्या 'नाहीं'नें जिज्ञासु मुलाचें समाधान होत नाहीं हें मला ठाऊक आहे. त्या दिवशीं राहिलेली ती उधारी ह्या लेखांत फेडितों. शिवाय ह्या झाडाच्या बाबतींत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. तीहि पुढें यथाक्रम सांगेन.

झाडाचें नांव होस्टा. ह्याचें मूळस्थान जपान, कोरिया व चीन. तेथील डोंगरउतारांवर, ओढ्यांच्या कांठीं, झाडांच्या सावलींत व कांहीं जाति खडकांच्या भेगांतहि उगवतात. आकारानें पान पाहून आपल्याकडील माणसास अळवाची आठवण व्हावी. परंतु शिरा पाहिल्या म्हणजे भेद कळतो. अळवाच्या पानांत शिरांचें जाळें असतें, होस्टाच्या पानांत त्या देठापासून टोंकापर्यंत कमानीसारख्या वांकून एकमेकींच्या बरोबरीनें धांवतात. जमिनीखालीं आखूड जाड खोड व दोरीसारख्या पांढुरक्या मुळ्या. वसंतऋतूंत त्यांतून हळदीच्या कोंबासारखे टोंकदार कोंब वर येतात, आणि त्या सुरळ्या उलगडून पानें पसरतात. पूर्वीं ह्यास कमळिणीसारख्या दिसणाऱ्या लिलीच्या कुळांत घालीत असत. अलीकडील वर्गीकरणाप्रमाणें तो शतावरीच्या कुळांत मोडतो, व त्यांतहि आपल्या बांधावरील घायपाताच्या शाखेंत. एक सावलींतला, मऊ, पाणी पिणारा आणि दुसरा माळरानावरचा कांटेरी. पण दोघे चुलतभाऊ आहेत.

जपानी भाषेंत ह्याला 'गिबोशी' म्हणतात. तेथील जुन्या लांकडी पुलांच्या कठड्यांवर कांद्याच्या आकाराचे धातूचे कळस बसविलेले असतात, त्यांचें हें नांव. होस्टाची न उमललेली कळी तशीच दिसते. तेथें हा केवळ शोभेचा नव्हे. वसंतांतले कोंवळे कोंब 'उरुई' ह्या नांवानें भाजी म्हणून खातात. मात्र कुत्र्यामांजरांच्या पोटास तो बाधतो, म्हणून ज्यांच्या घरीं हे प्राणी आहेत त्यांनीं जपावें.

युरोपांत हा प्रथम कागदावर आला, झाड मागाहून आलें. एंगेलबर्ट केंफर नांवाच्या जर्मन वैद्यानें जपानांत राहून जें पाहिलें तें १७१२ सालीं ग्रंथरूपानें छापलें. त्यांत ह्या झाडाचें वर्णन आहे. शंभर वर्षांनीं, १८१२ सालीं, ऑस्ट्रियांतील ट्राटिनिक ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें आपल्याच देशांतील निकोलाउस टोमास होस्ट ह्या वैद्याच्या सन्मानार्थ त्यास 'होस्टा' हें नांव दिलें. पुढें १८१७ सालीं श्प्रेंगेल ह्यानें 'फुंकिया' हें दुसरें नांव काढिलें व तें इतकें रुळलें कीं जर्मन लोक अजूनहि तेंच वापरतात. जपानच्या देजिमा बेटावर डच वखारीचा वैद्य म्हणून १८२३ सालीं गेलेला फिलिप फ्रांट्स फॉन सीबोल्ट ह्यास जपान सरकारनें १८२९ सालीं हद्दपार केलें, तेव्हां त्यानें आपल्याबरोबर पुष्कळ झाडें आणिलीं. युरोपांतील बागांत होस्टाच्या अनेक जाति पसरल्या त्या प्रामुख्यानें त्याच्यामुळें.

आतां दुरंगी होस्टांविषयीं लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, ते युरोपियनांनीं निर्माण केलेले नाहींत. जपानांत एदो राजवटीच्या काळीं चित्रविचित्र पानांच्या झाडांचा शोक सरदारांपासून साध्या नागरिकांपर्यंत पोंचला होता. १८२९ सालीं तेथें 'सोमोकु किन्योशू' नांवाचा सचित्र ग्रंथच केवळ अशा झाडांविषयीं निघाला. डोंगरांत हिंडतांना एखाद्यास हिरव्या समुदायांत एक पांढऱ्या कडेचें झाड दिसावें, त्यानें तें उपटून आणून कुंडींत जगवावें, असा हा संग्रह वाढला. रानांत तें झाड बहुधा टिकलें नसतें. तें कां टिकलें नसतें हें समजलें म्हणजे त्याचें संगोपन कसें करावें हेंहि आपोआप समजेल.

पान हिरवें दिसतें तें त्याच्या पेशींतील हरितकणांमुळें. हेच हरितकण सूर्यप्रकाश, हवा व पाणी ह्यांपासून साखर तयार करितात. ज्या पेशींतील हरितकण बिघडलेले असतात त्या पांढऱ्या किंवा पिवळसर दिसतात. पांढरा भाग म्हणजे जेवणारा पण न कमावणारा. घरांत चार माणसें कमावतीं व एक बसून खाणारें असलें तर संसार चालतो. दोन कमावतीं व तीन खाणारीं असलीं तर ओढाताण होते. आणि सर्वच खाणारीं असलीं तर घर बुडतें. बियांतून अगदीं पांढरें रोप उगवलें तर बियांतील शिदोरी संपतांच तें मरतें.

परंतु एकाच पानांत दोन प्रकारच्या पेशी आल्या कोठून? ह्याचें उत्तर कोंबाच्या अगदीं टोंकास आहे. तेथें वाढणाऱ्या पेशींचे थर एकावर एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, असतात व प्रत्येक थर आपली संतति बहुतांशीं स्वतंत्रपणें वाढवीत असतो. त्यांपैकीं एका थरांतील पेशीचे हरितकण बिघडले व हळूहळू तो सर्व थर तिच्याच वंशजांनीं व्यापिला, म्हणजे पानांत दोन वंश शेजारीं शेजारीं नांदूं लागतात. बाहेरील थरांची संतति पानाच्या कडेस अधिक येते, आंतल्या थराची मध्यभागीं. म्हणून बाहेरचा थर पांढरा असेल तर पांढऱ्या काठाचें हिरवें पान. आंतला पांढरा असेल तर हिरव्या काठाचें पांढरें पान. ग्रीक पुराणांत सिंह, बकरा आणि सर्प ह्यांच्या अवयवांचा एक राक्षस आहे, त्याचें नांव कायमेरा. तेंच नांव १९०७ सालीं हान्स विंकलर ह्यानें अशा मिश्रदेही झाडांस दिलें, आणि दुरंगी पानांचा उलगडा थरांच्या आधारें १९०९ सालीं एर्विन बाउर ह्यानें जिरेनियमवर करून दाखविला.

त्याच वर्षीं कार्ल कोरेन्स ह्यानें दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि तो ज्या झाडावर केला तें तुमच्यापैकीं बहुतेकांच्या परसांत आहे: गुलबक्षी. गुलबक्षीच्या एका वाणांत एकाच झाडावर कांहीं फांद्या हिरव्या, कांहीं पांढुरक्या व कांहीं चितकबऱ्या असतात. त्यानें ह्या फांद्यांवरील फुलांचें परागसेचन हरप्रकारें अदलाबदल करून केलें. फळ असें आलें कीं, पराग कोणत्याहि फांदीवरचा असो, हिरव्या फांदीवरील बियांपासून हिरवींच रोपें, पांढऱ्या फांदीवरील बियांपासून पांढरीं व लवकरच मरणारीं, आणि चितकबऱ्या फांदीवरील बियांपासून तिन्ही प्रकारचीं रोपें निघालीं. म्हणजे हरितकण आईकडून येतात. पित्याचा त्यांत हात नाहीं. मेंडेलचा नियम शिकून झाल्यावर विद्यार्थ्यास वाटतें कीं आतां आनुवंशिकतेचें सर्व कुलूप उघडलें. त्यांनीं ही गुलबक्षी जरूर ध्यानांत ठेवावी.

होस्टाच्या माळ्यास ह्यावरून काय कळतें? एक तर, नीट काठ असलेल्या होस्टाचें बीं पेरून तसाच काठ मिळण्याची आशा धरूं नये. बीं सामान्यतः आंतल्या थरांतून घडतें. हिरव्या पोटाच्या, पांढऱ्या काठाच्या झाडाचें बीं हिरवीं रोपें देतें. पांढऱ्या पोटाच्या झाडाचें बीं पांढरीं, मरणोन्मुख रोपें देतें. ज्यांच्या पानांवर वेड्यावांकड्या रेषा मिसळलेल्या असतात अशाच मातांपासून कांहीं दुरंगी रोपें निघतात. म्हणून नवे वाण काढणारे लोक अशीं ओबडधोबड झाडें जिवापाड जपतात. सामान्य माणसानें झाड वाढवावें तें गड्डा विभागूनच. अलीकडे कांचेच्या नळ्यांत पेशींपासून हजारों रोपें करितात. पण तेथेंहि थर हलतात, आणि नांवाची चिठ्ठी एक व पान भलतेंच असा प्रकार घडतो. कधीं त्या घोटाळ्यांतूनच चांगला वाण हातीं लागतो.

अशाच एका आकस्मिक प्राप्तीची हकीगत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत विंचेस्टर गांवीं फ्रान्सिस विल्यम्स नांवाच्या बाई राहत असत. त्यांनीं उद्यानरचनेचें शिक्षण घेतलेलें होतें. १९३६ सालीं त्या कनेटिकट संस्थानांतील ब्रिस्टल गांवच्या एका रोपवाटिकेंत गेल्या असतां निळसर पानांच्या होस्टांच्या रांगेंत त्यांना एकच रोप पिवळ्या काठाचें दिसलें. त्यांनीं तें विकत घेऊन घरीं लाविलें व पुढें त्याचे तुकडे इतरांस दिले. आज तो वाण त्यांच्याच नांवानें जगभर ओळखिला जातो. फळ्यावर लाविलेलें तें छायाचित्र ह्याच वाणाचें.

आतां प्रत्यक्ष संगोपन. दोन वर्षांपूर्वीं मे महिन्याच्या सुटींत मी बहिणीकडे गेलों होतों. ती व तिचे यजमान मॅसॅच्युसेट्समध्येंच एका लहान गांवांत राहतात. मी पोंचलों तेव्हां वाफ्यांत कोंब फुटून पानें उलगडूं लागलीं होतीं. जानेवारींत त्याच जागेवर बर्फ सांचलेलें होतें व झाडाचा मागमूसहि नव्हता, असें ती म्हणाली. दुसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. हिमकडा पडतांच होस्टाचीं पानें करपून नाहींशीं होतात व झाड जमिनीखालीं निद्रिस्त होतें. ही निद्रा त्यास अत्यावश्यक आहे. सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ ५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास वा त्याखालीं थंडी मिळाली नाहीं, तर पुढील वर्षीं कोंब थोडे, खुजे व अशक्त निघतात आणि दोनतीन वर्षांत गड्डा संपतो. आपल्या पुण्यानाशिकाची थंडी आपणांस हुडहुडी भरविते, पण तिकडे दुपार झाली कीं ऊन तापतेंच. होस्टाच्या लेखीं तो हिवाळाच नव्हे. काश्मीर किंवा सिमल्याच्या उंचीवर त्याला पुरेशी थंडी मिळेल. आपण मात्र दुरंगी पानांची हौस कोलियस, क्रोटन व कॅलेडियम ह्यांवर भागवावी; त्यांच्या रंगांचीं कारणें सर्वस्वीं हीच नाहींत, पण तो वेगळा पाठ होईल.

जागा निवडतांना वर सांगितलेला संसाराचा दृष्टांत आठवावा. पांढरा भाग उन्हास नाजूक असतो, म्हणून दुपारच्या कडक उन्हांत तो प्रथम तांबूस व मग कागदासारखा सुका होतो. उलट, दाट काळोख्या सावलींत ठेवावें तर आधींच थोडें कमावणारें पान आणखी थोडें कमावतें. यास्तव सकाळचें कोंवळें ऊन व दुपारपासून सावली ही जागा सर्वांत उत्तम. पिवळ्या रंगाच्या वाणांस थोडें अधिक ऊन मानवतें. सावलींत ते हिरवट पडतात. निळसर दिसणाऱ्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो, तो कडक ऊन व उष्णता ह्यांनीं विरतो, म्हणून त्यांस सावली अधिक लागते. 'फ्रान्सिस विल्यम्स' ह्या वाणांत निळें पोट व पिवळा काठ एकत्र असल्यानें त्याचा काठ वसंतांतच पुष्कळदां तपकिरी पडतो. इतक्या नांवाजलेल्या झाडाचा हा दोष जाहिरातींत कोणी सांगत नाहीं. माझ्या मतें तरीहि तें लावण्यासारखें आहे.

जमीन भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या खतानें भरलेली, किंचित् आम्ल व पाण्याचा निचरा होणारी असावी. मुळ्या खोल जाण्यापेक्षां बाजूंस पसरतात, म्हणून खड्डा खोल करण्यापेक्षां रुंद करावा, आणि कोंब ज्या पातळीस पूर्वीं होते त्याच पातळीस ठेवावे. खोल पुरलेला गड्डा कुजतो. आठवड्यास सुमारें अडीच सेंटिमीटर पावसाइतकें पाणी मिळावें, व तें पहांटे मुळांशीं द्यावें. मोठ्या झाडाखालीं लाविलेल्या होस्टाचें पाणी तें मोठें झाडच पिऊन टाकतें, ही गोष्ट नवशिक्या माळ्याच्या ध्यानांत फार उशिरां येते. वर पांचएक सेंटिमीटर पाचोळा अंथरावा, पण कोंबांपासून दूर. खत वसंतांत एकदां बेतानें. अति खतानें पान मऊ होतें व मऊ पान गोगलगाईंस फार आवडतें.

गोगलगाई हा ह्या झाडाचा नित्याचा शत्रु. रात्रीं दिवा घेऊन त्या वेंचाव्या किंवा लोहफॉस्फेटचे दाणे टाकावे. जाड पानांचे वाण त्यांतल्या त्यांत वांचतात. त्या प्रदेशांत हरणेंहि येतात, व एका रात्रींत नुसते देठ शिल्लक ठेवितात. त्यास कुंपणाखेरीज खरा उपाय नाहीं. सूक्ष्म सूत्रकृमींमुळें उन्हाळ्याच्या शेवटीं शिरांच्या मधोमध तपकिरी पट्टे पडतात. अशीं पानें काढून जाळावीं व पानांवर पाणी उडवूं नये.

फुलांविषयीं फारसें लिहीत नाहीं. उंच दांड्यावर जांभळट किंवा पांढरीं घंटेसारखीं फुलें येतात आणि प्रत्येक एकच दिवस टिकतें. चीनमधून आलेल्या एका जातीचें पांढरें फूल सायंकाळीं उमलतें व त्याला मधुर सुवास असतो. पुष्कळ लोक दांडे कापून टाकतात, कारण झाड पानासाठींच लाविलेलें असतें.

दुरंगी होस्टाच्या मालकानें वर्षांतून एकदां तरी करावयाचें काम म्हणजे हिरव्या फुटव्यांची निवड. बहिणीच्या वाफ्यांत 'उंडुलाटा' ह्या जुन्या वाणाचा एक मोठा गड्डा होता. ह्याचें पान पिळवटलेलें, पोट पांढरें व काठ हिरवा. पण गड्ड्याची अर्धी बाजू निव्वळ हिरवी झालेली होती. ती म्हणाली, "दादा, हा हिरवा दुसराच होस्टा शेजारून आंत शिरला असावा." तो शिरलेला नव्हता, घरांतूनच निघालेला होता. एखाद्या कोंबांत हिरव्या वंशानें सर्व थर व्यापिले कीं तो कोंब पूर्ण हिरवा होतो. आणि तो अधिक कमावतो म्हणून अधिक वेगानें वाढतो. पांचसात वर्षांत तो दुरंगी भावंडांस झांकून टाकतो. ह्या वाणाच्या निव्वळ हिरव्या रूपास 'एरोमेना' व पांढऱ्या काठाच्या रूपास 'आल्बोमार्जिनाटा' अशीं निराळीं नांवेंहि मिळालेलीं आहेत. नुसतें हिरवें पान खुडून उपयोग नाहीं. तो कोंब त्याच्या खोडाच्या तुकड्यासह व मुळ्यांसह कापून काढावा लागतो. कापलेला भाग फेंकूं नये, तो दुसरीकडे उत्तम वाढतो. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे: ह्या वाणाचीं उन्हाळ्यांत येणारीं दुसऱ्या बहराचीं पानें स्वभावतःच अधिक हिरवीं असतात. म्हणून निवड वसंतांतच करावी, नाहीं तर चांगला कोंब वायां जातो. पांढऱ्या पोटाचीं झाडें हळू वाढतात. तीं वारंवार विभागूं नयेत, भरपूर मोठीं होऊं द्यावीं.

विभागणीचा काळ वसंतांत कोंब दिसूं लागतांच, किंवा उन्हाळा सरतां सरतां, हिमकडा पडण्यापूर्वीं महिनाभर. सबंध गड्डा उकरून माती धुवावी, म्हणजे सांधे दिसतात. मग धारदार सुरीनें असे तुकडे करावे कीं प्रत्येकास निदान एक कोंब व स्वतःच्या मुळ्या असतील.

आतां माझी चूक. वाफ्याच्या टोंकास एक लहान होस्टा होता. त्याच्या पिवळसर पानांवर शिरांच्या कडेकडेनें हिरवा रंग शाई फुटल्यासारखा पसरलेला होता व पान थोडें गांठाळलेलें होतें. बहिणीनें तो गांवच्या जत्रेंतील एका मेजावरून चिठ्ठीवांचून विकत घेतला होता. तिला तो फार आवडे, आणि मलाहि आवडला. मीं त्याचे तीन तुकडे केले; मग तीच सुरी नुसती फडक्यानें पुसून 'फ्रान्सिस विल्यम्स'च्या गड्ड्यावर चालविली व शेवटीं 'उंडुलाटा'वर. तो 'फ्रान्सिस विल्यम्स' शेजारच्या एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेनें बहिणीस ती त्या गांवीं नवी आली तेव्हां दिलेला होता; परक्या देशांत तिला कोणीं आपण होऊन दिलेली ती पहिली वस्तु. मीं केलेल्या तुकड्यांपैकीं एक त्याच बाईंच्या कुंपणाजवळ परत गेला, दोन इतर शेजाऱ्यांकडे गेले. बहिणीनें मला शाबासकी दिली व मीं ती घेतली.

परत आल्यावर शाळेच्या कामासाठीं वाचीत असतां मला कळलें कीं, १९९६ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत बेन लॉकहार्ट ह्यांनीं होस्टावर पडणारा एक विषाणु ओळखिला व त्यास 'होस्टा विषाणु एक्स' असें नांव मिळालें. त्याचीं लक्षणें मीं वर लिहिलीं तींच: शिरांलगत रंग फुटणें, ठिपके, पानास गांठी. कांहीं झाडें वर्षदोन वर्षें निरोगी दिसतात, पण रोग आंत असतो. रोगट पान इतकें मोहक दिसे कीं 'ब्रेकडान्स', 'लेपर्ड फ्रॉग' असे कित्येक वाण नांव देऊन विकले गेले, आणि मागाहून उघडकीस आलें कीं त्यांचें सौंदर्य म्हणजे विषाणूचेंच काम होतें. हॉलंडांत सतराव्या शतकांत पट्टेरी ट्युलिपांसाठीं लोकांनीं संपत्ति उधळली, त्या पट्ट्यांचें कारणहि एक विषाणुच होता. खऱ्या दुरंगी पानांत रंगांच्या सीमा बहुधा स्वच्छ असतात व पानामागून पानांत तोच क्रम राहतो. रोगट पानांत रंग शिरांच्या कडेनें झिरपतो. हा भेद आतां मला पांच पावलांवरून ओळखतां येईल; त्या दिवशीं तो झाडासमोर गुडघे टेंकून बसूनहि ओळखतां आला नाहीं. रोग पसरतो तो रसानें, म्हणजे मुख्यत्वें माळ्याच्या सुरीनें. त्यावर औषध नाहीं.

मीं त्याच रात्रीं बहिणीस कळविलें. तपासणीच्या कागदी पट्ट्या मिळतात. पानाचा तुकडा द्रवांत चुरडून त्यांत पट्टी बुडवावयाची, आणि दोन रेषा उमटल्या तर रोग आहे असें समजावयाचें. जत्रेंतल्या झाडाच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या. 'फ्रान्सिस विल्यम्स' व 'उंडुलाटा' ह्यांवर एकच उमटली; पण लागण ताजी असेल तर पट्टी फसविते, म्हणून त्यांस तशींच ठेवून पुढील वसंतांत पुन्हां तपासावयाचें ठरलें. जत्रेंतल्या झाडाचे तिन्ही तुकडे मुळ्यांसकट उपटून पिशवींत बांधून कचऱ्यांत टाकिले. खताच्या ढिगांत टाकिले नाहींत. हा विषाणु जिवंत पेशींतच टिकतो, म्हणून मातींत राहिलेल्या मुळ्या मरेपर्यंत त्या जागीं होस्टा लावावयाचा नाहीं. सुरीसाठीं आतां नियम केला आहे: प्रत्येक झाडानंतर एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी ह्या मिश्रणांत बुडवून ठेवावयाची.

शेजाऱ्यांस सांगणें हें काम सर्वांत अवघड होतें. तें पत्र मीच लिहिलें व बहिणीनें तें प्रत्येक घरीं वाचून दाखविलें. एका गृहस्थांनीं आपला तुकडा लागलीच उपटून टाकिला. वृद्ध बाईंनीं तसें केलें नाहीं. त्या म्हणाल्या, मी तो कुंडींत घालून इतरांपासून दूर ठेवीन व वाट पाहीन.

ह्या वर्षीं मे महिन्यांत बहिणीचें पत्र आलें. 'उंडुलाटा'च्या एका फुटव्यांत रोग निघाला. तो सबंध गड्डा गेला, हिरवा भाग व दुरंगी भाग दोन्ही. 'फ्रान्सिस विल्यम्स' दोनदां तपासला, दोन्ही वेळां एकच रेषा. कुंडींतल्या तुकड्याचीहि एकच. बाईंनीं तो अजून जमिनींत लाविलेला नाहीं. आणखी एक हिवाळा जाऊं द्या असें त्या म्हणतात. बहिणीच्या वाफ्यांत टोंकाची जागा रिकामी आहे, आणि तेथें सध्यां तिनें नेचे लाविले आहेत.